विरलेल्या प्रक्षेपणाची स्थळप्रत

मराठेशाहीच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्यांस होसकोटे हे नाव नवे नाही. इंग्रजांच्या साह्यार्थ आलेल्या मुरारराव घोरपडे यांच्या तळावर १७६८ च्या ऑगस्टात हैदरअलीने रात्री छापा घातला, तो येथेच. ती रात्र गेली. कोणी तरी ती लिहून ठेवली, म्हणून आम्हांस ठाऊक आहे. बंगळूरकडे नोकरीनिमित्त आलेल्या आमच्या वाचकांस मात्र होसकोट्याची आजची ओळख अधिक जवळची वाटेल. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर असलेली दोन मीटर व्यासाची दुर्बीण भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या येथील केंद्रातून उपग्रहाद्वारे चालविली जाते. पडद्यासमोर बसून दोन हजार किलोमीटरांवरचे यंत्र हलविणे, ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकात सामान्य माणसास दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांतूनच दिसत असे. त्या मालिकांचे आणि त्यांवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. वर्षभरातच तिचे कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी डालेक नामक शत्रूंच्या कथेवर कादंबरी प्रसिद्ध केली. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या संहितांवरून जेम्स ब्लिश यांनी १९६७ पासून कथासंग्रह लिहिले. रसिकांनी अशा ग्रंथांस उसनवारीचे वाङ्मय म्हणून नाके मुरडली, आणि त्यांतील बरेच लेखन घाईचे होते हेही खरे.

परंतु काळाने निराळाच निवाडा केला. त्या वेळी चित्रफीत महाग होती; तीच पुसून पुन्हा वापरीत. नटांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणासही मर्यादा होती, आणि घरोघरी जुने कार्यक्रम पाहिले जातील अशी कल्पना कोणास नव्हती. १९७८ च्या सुमारास ही नासाडी थांबली, तेव्हा पुष्कळ गमावले होते. आजही ‘डॉक्टर हू’चे ९० हून अधिक भाग सापडत नाहीत. १९६७ साली दाखविलेली हिमालयातील एका मठाची कथा घ्या. तिच्यातील हिममानव अखेरीस यंत्रे ठरतात. सहा भागांपैकी दुसरा तेवढा उरला. टेरन्स डिक्स यांनी १९७४ साली तिची कादंबरी केली. प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेले संवाद पुढे उपलब्ध झाले खरे. परंतु तोवर अनेक वर्षे सामान्य वाचकापाशी त्या कथेचे जे काही होते, ते ही कादंबरीच.

दप्तर सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांस स्थळप्रतीचे मोल सांगावयास नको. मूळ पत्र गहाळ झाले की जिच्याकडे कोणी पाहत नव्हते, तीच प्रत पुरावा होते. या कादंबऱ्या अशाच स्थळप्रती होत. मात्र त्या बरहुकूम नव्हेत. व्हिटेकर यांनी तर नायकाची पहिली भेटच बदलली: पडद्यावर ती भंगाराच्या आवारात होते, ग्रंथात धुक्याने भरलेल्या माळावर अपघातानंतर. म्हणून इतिहासकाराने अशी प्रत ताडून घ्यावी. फेकून देऊ नये.

मराठीत हा प्रवाह उलट वाहिला. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ टोपणनावाने पाठविली, तेव्हापासून आमची विज्ञानकथा आधी कागदावर आणि क्वचित पडद्यावर राहिली. त्यामुळे ती सुरक्षित राहिली, हे आमचे भाग्य. परंतु आकाशवाणीवरील श्रुतिका, दूरदर्शनवरील नाटिका, परप्रांतांतील महाराष्ट्र मंडळांचे प्रयोग यांची स्थळप्रत कोणी ठेवली? ज्यांनी ते ऐकले-पाहिले, ते आज वृद्ध आहेत. त्यांनी आपल्या आठवणीतील कथा साध्या भाषेत लिहून काढल्या, तर पुढील पिढी त्यांना उसनवारीचे वाङ्मय म्हणणार नाही.