चिनी गवताची कथा

वसमत हें मराठवाड्यांतील हळदीच्या पेठेचें गांव. वैशाखांत तेथें पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हांत, प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनची जेली ताटांतच पाणी होते. चिनी गवत घालून थिजविलेली दुधाची वडी मात्र जशीच्या तशी राहते. श्रोतेहो, एवढ्याशा भेदानें वैद्यकशास्त्राचें एक मोठें काम सुकर झालें.

चिनी गवत हें गवत नव्हेच. तांबड्या समुद्रशेवाळाचा तो वाळविलेला अर्क होय. त्यासच अगर म्हणतात. सतराव्या शतकांत क्योतोजवळच्या एका जपानी खाणावळवाल्यानें उरलेली शेवाळाची जेली थंडींत बाहेर टाकली. ती रात्रीं गोठली, दिवसां वितळून सुकली, आणि पुन्हां उकळून निवतांच थिजली, अशी आख्यायिका आहे. अगर माणसाच्या आंतड्यांत पचत नाहीं. म्हणून तो चोथ्यांत गणला जातो. उकळत्या पाण्यांत तो विरघळतो. पाणी ४० अंशांच्या खालीं निवलें कीं त्याच्या लांब साखळ्या एकमेकींस पीळ घालून जाळें विणतात व पाणी त्यांत अडकून बसतें. हें जाळें सुमारें ८५ अंशांपर्यंत तापविल्यावांचून सुटत नाहीं.

१८८१ सालीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेंत वॉल्थर हेस्से हा जंतु वाढविण्याच्या खटपटींत होता. उन्हाळ्यांत त्याचें जिलेटिन पातळ होई. कांहीं जंतु तर तें पचवूनच टाकीत. त्याची पत्नी फॅनी हिच्या जेल्या मात्र उन्हाळ्यांतही टिकत. जावा बेटांत राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून ती अगर वापरण्यास शिकली होती. तिनें तोच सुचविला, आणि काम साधलें. कॉखनें १८८२ सालीं क्षयजंतूंवरील निबंधांत अगरचा उल्लेख केला. हेस्से दांपत्याचा केला नाहीं. प्लेगच्या अभ्यासासाठीं १८९७ सालीं मुंबईस आला तो हाच कॉख. १९४१ सालीं जपान युद्धांत उतरल्यावर तेथील अगर मिळेनासा झाला, तेव्हां अनेक राष्ट्रांनीं आपापले किनारे धुंडाळले. त्यांत हिंदुस्थानही होता.

आपल्या स्वयंपाकघरांतही असें शास्त्र आहे. पेठ्यासाठीं कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळींत भिजवितात. चुन्यांतील कॅल्शियम फोडींतील पेक्टिनास बांधून ठेवतें, म्हणून त्या पाकांत उकळूनही मोडत नाहींत. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळून गांवाचें नांव तिच्याशीं कायमचें जोडलें गेलें. चुन्याची ही युक्ति प्रथम कोणा सुगरणीस सुचली, त्याची नोंद कोणींच ठेवली नाहीं. फॅनीचें नांव निदान मागाहून तरी इतिहासांत आलें.