अळवावरचे पाणी आणि सुरतेचे कापड

ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला. पुढे यंत्रमाग वाढले, तशी धुळे, जळगाव, नंदुरबारकडची आपली माणसे इथे आली. उधना, लिंबायत, डिंडोलीत आपले संसार कापडाच्या धंद्यावर उभे राहिले. म्हणून यंदा आम्ही कापडाशी नाते सांगणाऱ्या एका शोधाचा इतिहास मांडत आहोत.

अळवावर पाणी ठरत नाही, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कमळाच्या पानाचेही तसेच. १९९७ मध्ये बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची उकल केली: पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेण. कापडावर असे उंचवटे आणायला सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्याच द्रव्याचे, केसाहून शेकडो पट बारीक कण उपयोगी पडतात.

ते घडवण्याची वाट जुनी आहे. १८४६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एबेलमन यांना दिसले, की सिलिकॉनचे एक द्रवरूप संयुग दमट हवेत काचेसारखे घट्ट होते. १९६८ मध्ये श्टोबर, फिंक आणि बोन यांनी अल्कोहोलमध्ये अमोनिया व पाणी मिसळून अशाच संयुगापासून एकसारखे गोल कण मिळवले. मिश्रणाचे प्रमाण बदलले, की कणांचा आकार बदलतो.

पण सिलिकाला पाणी प्रिय, पॉलिमरला बहुधा नकोसे, दोघांचे जमेना. त्यांच्यात सोयरीक जुळवली सिलेनने. त्याचे एक टोक सिलिकाला धरते, दुसरे पॉलिमरला. काचतंतू आणि प्लास्टिक जोडायला गेल्या शतकाच्या मध्यापासून ते वापरात आहे. त्याच्या आधाराने कणाभोवती पॉलिमरचे कवच वाढवता येते: आत सिलिका, बाहेर पॉलिमर.

याचे आपल्याला काय? नुसते चोपडलेले कण धुण्यात सुटून सांडपाण्यात जातात. धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेले जास्त टिकतात. पाणी झटकणाऱ्या कापडासाठी वर्षानुवर्षे वापरलेली फ्लोरिनची रसायने निसर्गात सहजी नष्ट होत नाहीत, म्हणून जग पर्याय शोधत आहे. त्या शोधाचा संबंध आपल्या डाइंग मिलशी आहे आणि तापीशीही.

आपल्या आधीच्या पिढीने माग चालवले. १९६१ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे एसव्हीएनआयटी, याच शहरात आहे. मागावर राबलेल्यांची मुले उद्या तिथल्या प्रयोगशाळेत दिसावीत, हेच विद्येच्या देवतेकडे आमचे मागणे.