निर्देशिका सेवा व ओळख पडताळणी

निर्देशिका सेवा व ओळख पडताळणी : संगणक जालातील व्यक्ती व साधने यांच्या नोंदी वृक्षाकार रचनेत साठविणाऱ्या व्यवस्थेस निर्देशिका सेवा म्हणतात. तिच्यासाठी १९८८ मध्ये ‘एक्स.५००’ ही आंतरराष्ट्रीय मानके संमत झाली. परंतु ती लहान संगणकांना पेलण्याजोगी नव्हती. म्हणून मिशिगन विद्यापीठातील टिम हाउझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एलडॅप’ ही सुटसुटीत संपर्कसंहिता सिद्ध केली. तिचे पहिले विवरण जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे वेब सर्व्हरवरील स्क्रिप्ट या संहितेद्वारे वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द पडताळू लागल्या. निर्देशिकेने ते अमान्य केल्यास ‘४९’ हा संकेतांक मिळतो. संपर्कच न झाल्यास तो मिळत नाही. दोषशोधनाची सुरुवात या भेदापासून होते. सर्वांत घातक दोष मात्र मूक होता. नावासोबत कोरा संकेतशब्द आल्यास अनेक सर्व्हर ती निनावी प्रवेशाची विनंती समजून मंजूर करीत आणि स्क्रिप्ट त्या होकारालाच ओळखीचा पुरावा मानी. परिणामी दुसऱ्याच्या नावाने प्रवेश शक्य होई. सर्व्हरांनी अशी विनंती एरवी नाकारावी व स्क्रिप्टने कोरा संकेतशब्द स्वीकारू नये, असे जून २००६ च्या सुधारित विवरणात सांगितले आहे.