पाळीव मांजर ठरलेल्या जागेबाहेर घाण का करते? कारणे आणि उपाय

घरातील मांजर वाळूचे पात्र सोडून एकाएकी अंथरुणावर, धान्याच्या पोत्यावर किंवा दाराच्या कोपऱ्यात मलमूत्र विसर्जन करू लागले की, बहुतेक घरांत तो खोडसाळपणा समजला जातो. मांजराला मार बसतो, त्याचे नाक घाणीत घासले जाते आणि अखेरीस ते पोत्यात घालून गावाबाहेर सोडले जाते. पशुवैद्यकशास्त्राला मात्र हे मान्य नाही. मांजर सूड उगवण्यासाठी घाण करीत नाही. आजार, पात्रातील उणीव, चुकीची जागा किंवा घरातील ताण यांपैकी एखादे कारण त्यामागे असते. हे कारण शोधल्यास बहुतेक वेळा उपाय सापडतो.

मध्य प्रदेशात जबलपूर जिल्ह्यातील बरगी हे गाव नर्मदेवर १९९० मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे सर्वपरिचित आहे. धरणाचा जलाशय राणी अवंतीबाई लोधी सागर या नावाने ओळखला जातो. अशा लहान गावांतील मांजरे परसात, शेताच्या बांधावर किंवा बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर आपली सोय पाहतात. त्यामुळे आठ महिने हा प्रश्न जाणवत नाही. या भागातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जमीन चिखलमय झाली की, मांजर घरातील कोरडी आणि मऊ जागा शोधू लागते. शहरांतील सदनिकांमध्ये तर वर्षभर घरातील पात्रावाचून पर्याय नसतो.

उपजत सवय

पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील रानमांजर होत, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. कोरड्या प्रदेशातील या प्राण्याची भुसभुशीत माती उकरून विष्ठा पुरण्याची सवय पाळीव मांजरात आजही टिकून आहे. तीन ते चार आठवड्यांचे पिल्लू स्वतःहून माती उकरू लागते. म्हणूनच मांजराला ही सवय फारशी शिकवावी लागत नाही. योग्य जागा उपलब्ध करून द्यावी लागते.

पूर्वी घरोघरी घमेल्यात राख किंवा वाळू ठेवली जात असे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९४७ मध्ये एडवर्ड लो यांनी शेजारणीला राखेऐवजी दाणेदार मुलतानी माती दिली आणि त्यातून मांजरांसाठीच्या खास मातीचा, म्हणजेच ‘लिटर’चा, व्यवसाय उभा राहिला. १९८० च्या दशकात ओलावा लागताच गोळा होणारी बेन्टोनाइट माती प्रचारात आली. भारतात गुजरातमधील कच्छ भागात बेन्टोनाइटचे मोठे साठे आहेत.

प्रथम आजाराची तपासणी

सवय अचानक बदलल्यास सर्वप्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. मूत्राशयाचा दाह, मूतखडे, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, जंत, अतिसार आणि बद्धकोष्ठ यांमुळे मांजर पात्राबाहेर जाते. विसर्जनाच्या वेळी वेदना झाल्यास ते त्या वेदनांचा संबंध पात्राशी जोडते आणि बरे झाल्यावरही पात्र टाळते. वृद्ध मांजराला सांधेदुखीमुळे पात्राची उंच कड ओलांडता येत नाही.

बोक्याच्या बाबतीत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. त्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने खडे किंवा चिकट द्रव्य अडकून लघवी पूर्ण बंद होऊ शकते. बोका वारंवार पात्रात बसतो, कुंथतो, ओरडतो. परंतु लघवी होत नाही किंवा केवळ थेंब पडतात. पाहणाऱ्याला हे बद्धकोष्ठ वाटते. प्रत्यक्षात रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा धोका असतो आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी विषारी असून एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

जबलपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून कार्यरत आहे. त्या वेळी जबलपूर आणि विदर्भ हे दोन्ही भाग नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते. हे महाविद्यालय २००९ मध्ये स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. महाराष्ट्रात मुंबईतील परळ आणि नागपूर येथे अशी जुनी महाविद्यालये आहेत.

पात्र कसे असावे?

आजार नसल्याची खात्री झाल्यावर पात्राकडे लक्ष द्यावे. अमेरिका व ब्रिटनमधील मांजरतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये या विषयावर संयुक्त मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सर्वसाधारणपणे पुढील गोष्टी पाळाव्यात, असे तज्ज्ञ सांगतात.

पात्रांची संख्या मांजरांच्या संख्येपेक्षा एकने अधिक असावी. ती एकाच ठिकाणी न ठेवता घरात निरनिराळ्या जागी ठेवावीत. पात्राची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी. बाजारातील अनेक पात्रे यापेक्षा लहान असतात. त्याऐवजी मोठा प्लॅस्टिकचा टब एका बाजूने कापून वापरता येतो. मातीचा थर तीन ते पाच सेंटिमीटर असावा. घाण दिवसातून किमान एकदा उचलावी.

बहुतेक मांजरांना बारीक दाण्याची, सुगंधरहित माती आवडते. माणसाला सुखद वाटणारा सुगंध मांजराला असह्य होऊ शकतो. नदीची वाळू वापरायची असल्यास ती चाळून खडे व शिंपले काढावेत आणि कडक उन्हात वाळवावी. वाळू लघवीचा गोळा करीत नाही व वास धरून ठेवत नाही. त्यामुळे ती वरचेवर पूर्ण बदलावी लागते. पावसाळ्यासाठी वाळवलेली वाळू झाकणाच्या डब्यात साठवून ठेवणे सोयीचे ठरते. राख पंजांना चिकटते व मांजर ती चाटते, म्हणून शक्यतो टाळावी.

मांजराची आवड ओळखण्यासाठी दोन सारखी पात्रे शेजारी ठेवून त्यांत निरनिराळी माती घालावी आणि आठवडाभर निरीक्षण करावे. माती बदलायची असल्यास जुन्या मातीत नवी माती थोडी थोडी मिसळत जावी.

जागाही तितकीच महत्त्वाची आहे. कपडे धुण्याच्या यंत्राजवळ, ये-जा असलेल्या दारात किंवा अन्नपाण्याच्या भांड्यांशेजारी पात्र ठेवू नये. कुत्रा किंवा दुसरे मांजर वाट अडवील अशा कोंडीच्या कोपऱ्यात मांजर जात नाही.

फवारा आणि विसर्जन यांतील फरक

मांजर बसून लघवी करते की उभे राहून शेपटी थरथरवीत भिंतीवर फवारा मारते, हे पाहणे आवश्यक आहे. फवारा हा हद्द दर्शविण्याचा संकेत असून नवे मांजर, घरबदल किंवा खिडकीबाहेर फिरणारा बोका यांमुळे तो वाढतो. खच्चीकरणानंतर बहुतांश बोक्यांमध्ये ही सवय थांबते. तथापि दहापैकी सुमारे एका बोक्यात ती राहते. भाटीही कधी कधी फवारा मारते. अशा वेळी बाहेरचे मांजर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी आणि घरातील प्रत्येक मांजरासाठी अन्न, पाणी व झोपण्याच्या स्वतंत्र जागा ठेवाव्यात.

घटना कोठे, केव्हा आणि कशा प्रकारे घडली, याची दोन आठवड्यांची नोंद ठेवल्यास पशुवैद्यकाला निदान करणे सोपे जाते.

स्वच्छता आणि आरोग्य

घाण झालेल्या जागी वास राहिल्यास मांजर पुन्हा तेथेच जाते. प्रथम पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन नंतर विकरयुक्त स्वच्छताद्रव्य वापरावे. गादी उन्हात वाळवावी. अमोनिया असलेली द्रव्ये लघवीसारखा वास देतात, म्हणून ती टाळावीत. फिनेल वापरू नये. त्यातील फिनॉल वर्गातील द्रव्ये मांजराच्या यकृताला निष्प्रभ करता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती पोटात जातात.

मांजराच्या विष्ठेतून ‘टॉक्सोप्लाझ्मा’ हा परजीवी पसरू शकतो. गर्भवती स्त्रीला त्याचा प्रथमच संसर्ग झाल्यास गर्भाला धोका संभवतो. विष्ठेतील परजीवी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून दररोजची सफाई हाच उत्तम बचाव होय. गर्भवती स्त्रीने हे काम घरातील इतरांवर सोपवावे किंवा हातमोजे घालून करावे व हात साबणाने धुवावेत. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. वापरलेली माती विहीर, तलाव किंवा नदीच्या काठावर टाकू नये. ओल्या मातीत हा परजीवी वर्षाहून अधिक काळ जिवंत राहू शकतो. बेन्टोनाइट फुगत असल्याने ती शौचालयातही टाकू नये. पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी.

शिक्षा नव्हे, शोध

मारल्याने मांजराला पात्राचा उपयोग समजत नाही. माणसाची भीती तेवढी बसते आणि ते लपून घाण करू लागते. उपासमार वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. घरात वाढलेले मांजर गावाबाहेर सोडल्यास त्याला स्वतःचे पोट भरता येईलच, असे नाही. पात्राबाहेर पडलेली घाण ही बहुधा त्या मुक्या प्राण्याची तक्रार असते. ती वेळीच ओळखल्यास घर स्वच्छ राहते आणि अनेकदा मांजराचा जीवही वाचतो.