मलायांतील मामांचें दुकान

मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पेनांग नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील जॉर्जटाउन शहरांत पाहुणा गेला आणि त्याला भूक लागली, म्हणजे बहुधा एकाच प्रकारच्या दुकानाची वाट दाखविण्यांत येते. दुकान रस्त्याकडे पूर्ण उघडें असतें. दर्शनीं मोठा तवा, शेजारीं कालवणांच्या पराती आणि त्यांच्यामागें चपळ हाताचा वाढपी. तो ताटलींत भात घालतो, त्यावर मासा किंवा कोंबडीचा तुकडा ठेवतो आणि मग निरनिराळ्या कालवणांचे रस एकावर एक ओततो. या शेवटच्या क्रियेला तेथें 'बंजिर', म्हणजे पूर, असें म्हणतात. या भाताचें नांव 'नासी कंदर' आणि दुकानाचें नांव 'मामाक'. या दोन नांवांत त्या देशाचा बराच इतिहास सांठलेला आहे.

मलायी भाषेंत 'नासी' म्हणजे भात आणि 'कंदर' म्हणजे खांद्यावर काठी घेऊन तिच्या दोन्ही टोकांनीं ओझें वाहणें. आपल्या कावडीचीच ही रीत. एका बाजूला भात व दुसऱ्या बाजूला कालवणें अडकवून तामीळ मुसलमान फेरीवाले बंदरावर जात आणि हमालांना कामाच्या जागींच जेवण पुरवीत. 'मामाक' हा शब्द तर श्रोत्यांच्या घरांतलाच आहे. तामीळ भाषेंतही आईच्या भावाला मामाच म्हणतात. त्या शब्दाला मलायी वळण लागून तो प्रथम या लोकांना आणि पुढें त्यांच्या दुकानांना चिकटला. तो कधीं आपुलकीनें उच्चारला जाई, तर कधीं हिणविण्यासाठींही.

हे मामा तेथें आले कसे? हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचा त्या समुद्राशीं संबंध फार जुना आहे. पंधराव्या शतकांत मलाक्का ही पूर्वेकडील मोठी पेठ होती. तेथें गुजराती व्यापाऱ्यांचा प्रभाव एवढा होता कीं, त्यांच्यासाठीं स्वतंत्र शहाबंदर नेमलेला असे. त्या शहरांत चौऱ्यांशीं भाषा ऐकूं येत, असें तोमे पिरेश या पोर्तुगीज लेखकानें नमूद केलें आहे. ज्या आल्बुकेर्कनें १५१० सालीं गोवें घेतलें, त्यानेंच १५११ सालीं मलाक्का जिंकलें. अमेरिकेंतील मिरची पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आशियांत आली. आज मिरचीवांचून कोंकणी कालवणाची किंवा मलायी सांबलाची कल्पनाही करवत नाहीं.

पुढें १७८६ सालीं फ्रान्सिस लाइट यानें ईस्ट इंडिया कंपनीसाठीं पेनांगचा ताबा घेतला आणि तेथें जकातमुक्त बंदर उघडलें. व्यापाराच्या ओढीनें कोरोमंडल किनाऱ्यावरील तामीळ मुसलमान तेथें येऊं लागले. त्यांना 'चुलिया' म्हणत. जॉर्जटाउनमधील चुलिया रस्ता आजही त्यांची आठवण देतो. १८०१ सालीं त्यांच्यासाठीं स्थापन झालेली कपितान केलिंग मशीद तेथून जवळच आहे. व्यापाऱ्यांमागून नावाडी, हमाल व फेरीवाले आले. एकोणिसाव्या शतकांत कथलाच्या खाणींवर चिनी मजूर लोटले. १८७७ सालीं लंडनच्या क्यू उद्यानांतून आलेल्या रबराच्या २२ रोपांपासून पुढें अफाट मळे उभे राहिले आणि त्या मळ्यांवर दक्षिण हिंदुस्थानांतून हजारों तामीळ मजूर नेण्यांत आले. यांतील बहुतेक पुरुष प्रारंभीं एकटेच आलेले. घर नाहीं, चूल नाहीं. तेव्हां विकतचें अन्न ही त्यांची चैन नव्हती, गरज होती.

अशा वसाहतींविषयीं फर्निव्हल या इंग्रज अभ्यासकानें एक मार्मिक निरीक्षण केलें आहे. निरनिराळे समाज येथें शेजारीं राहतात, परंतु एकमेकांत मिसळत नाहींत. त्यांची गांठ पडते ती केवळ बाजारांत. मलायांतही मलायी खेड्यांत, चिनी खाणींवर व शहरांत आणि तामीळ मळ्यांवर, अशी वांटणी सर्वसाधारणपणें पडलेली होती. या बाजारांतच मामाकचें महत्त्व आहे. चिनी दुकानांतील डुकराचें मांस मुसलमानाला वर्ज्य. मामाकचें दुकान मुसलमानाचें असल्यामुळें मलायी मनुष्य तेथें निःशंक बसे. चिनी गिऱ्हाइकाला कसलाच अडसर नव्हता. हिंदु तामिळाला निदान रोटी, डाळीचें कालवण आणि चहा घेतां येई.

चिनी लोकांचें 'कोपितियाम' हें कॉफीचें दुकानही याच काळांत वाढीस लागलें. त्याच्या नांवांतील 'कोपी' मलायी, तर 'तियाम' हा दुकान या अर्थाचा होक्कियेन चिनी शब्द. हैनान बेटावरून आलेले चिनी इतरांच्या मागून पोंचले. त्यामुळें त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं गोऱ्या साहेबांच्या घरीं आचाऱ्याचें काम पत्करलें व पुढें अशीं दुकानें थाटलीं. विशेष हें कीं, पेनांगमध्यें चिन्याच्या कोपितियाममध्येंच मामाची नासी कंदर मांडलेली आढळते. कावड खांद्यावरून उतरली, ती अशी शेजाऱ्याच्या ओसरीवर. कांहींजणांनीं स्वतंत्र जागा घेतल्या. पेनांगचें हमीदिया भोजनगृह आपली स्थापना १९०७ सालची सांगतें.

मामाकची रोटी मैद्याची असते. तेलांत मुरविलेला गोळा हवेंत झुलवून कागदासारखा पातळ करतात आणि घडी घालून तव्यावर टाकतात. चहांत ताजें दूध नसतें; त्या दमट प्रदेशांत दुभत्या जनावरांची वाण, म्हणून डब्यांतील आटीव दूध आलें. उंचावरून एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतून त्या चहाला फेंस आणतात.

ताट असें एक झालें. माणसें मात्र एक झालीं नाहींत. १९५७ सालीं मलाया स्वतंत्र झाला आणि १९६३ सालीं मलेशिया हें संघराज्य अस्तित्वांत आलें. १३ मे १९६९ रोजीं क्वालालंपुर येथें मलायी व चिनी यांच्यांत भीषण दंगा उसळला. सरकारी आंकड्याप्रमाणें १९६ माणसें मृत्यु पावलीं. १९७१ पासून नवें आर्थिक धोरण सुरू झालें आणि मलायी व इतर मूलनिवासी यांना शिक्षणांत व उद्योगांत सवलती मिळाल्या. राज्यघटनेप्रमाणें इस्लाम पाळणारा, मलायी बोलणारा आणि मलायी चालीरीतींनीं राहणारा तो मलायी. मग पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच वाढलेल्या मामानें स्वतःला मलायी म्हणावें कीं हिंदी? त्याच्या दुकानांत सर्वांना जागा आहे. वर्गवारीच्या कागदावर त्याची स्वतःची जागा मात्र संदिग्ध राहिली.

डिसेंबर २०२४ मध्यें युनेस्कोनें मलेशियाच्या बहुजातीय न्याहारीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांत नासी लेमाक, रोटी चनाय आणि तेह तारिक या तिन्ही पदार्थांचा निर्देश आहे. यांपैकीं रोटी व चहा या दोहोंवर मामांच्या हातांची मोहोर आहे. परक्यांनीं वाढलेलें अन्न अखेर राष्ट्राचा वारसा ठरलें. वाढणाऱ्यांनाही त्याच राष्ट्राचे म्हणून तितक्याच सहजतेनें ओळखणें, हें काम मात्र कोणत्याही यादीनें होणारें नाहीं. एका बांकावर बसून न्याहारी करणाऱ्या शेजाऱ्यांचीं मुलें आजही पुष्कळदां वेगवेगळ्या भाषांच्या शाळांना जातात. मामाकच्या दुकानानें त्या समाजांना एक केलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि रोज एकत्र बसण्याची संवय त्यानें त्यांना लाविली, आणि दंग्यानंतरही ती संवय मोडली नाहीं, एवढें श्रेय त्या कावडीला निःसंशय दिलें पाहिजे.