छेलबटाऊ : एका शब्दाची वाटचाल

मागल्या पिढीच्या तोंडी असे काही शब्द होते की ते उच्चारताना बोलणाऱ्याच्या कपाळाला आठी पडे आणि ओठांवर हसूही येई. ‘छेलबटाऊ’ हा त्यांपैकी एक. भांग पाडून, कानात अत्तराचा फाया घालून बाजारच्या दिवशी विनाकारण चार फेऱ्या मारणारा, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडे पाहून गाण्याची ओळ गुणगुणणारा तरुण म्हणजे छेलबटाऊ. रंगेल, गुलहौशी, इष्कबाज हे त्याचे सोयरे खरे. परंतु रंगेल माणसाला गाठीशी पैसा लागतो, इष्कबाजाला निदान एक प्रेमपात्र तरी लागते. छेलबटाऊला नुसता रस्ता पुरतो. आणि तो रस्ता त्याच्या नावातच आहे.

‘बटाऊ’ म्हणजे वाटसरू. मराठीतील ‘वाट’ ती हिंदीत ‘बाट’. तिच्यावरून बटोही, बटाऊ. वीस आणि बीस, वरात आणि बरात यांच्यासारखाच हा व-ब चा भेद. बालाघाटकरांना तो समजावून सांगण्याचे कारण नाही. शिवनी जिल्ह्यातून येऊन आपल्या गावाजवळून पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे जाणारी नदी आपण घरात वैनगंगा म्हणतो आणि बाजारात तिलाच बैनगंगा म्हणताना ऐकतो. तेव्हा ‘बटाऊ’ हे रूपच सांगते की हा गृहस्थ मूळचा मराठी नव्हे. उत्तरेकडून चालत आलेला आहे. (आपल्यापैकी अनेकांची घराणी भोसल्यांच्या अमदानीत याच्या नेमक्या उलट दिशेने चालत आली, ही गोष्ट निराळी!)

‘छेल’ची कुळी अधिक जुनी आहे. त्याचा संबंध सामान्यतः ‘छवि’शी, म्हणजे देखणेपणाशी, जोडतात. तथापि प्राकृतात ‘छइल्ल’ असा शब्द आहे आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त त्याचा अर्थ विदग्ध, चतुर असा आहे. त्याचाच सगोत्र वाटावा असा संस्कृतातील ‘छेक’ही चतुर माणसालाच म्हणतात, अलंकारशास्त्रातील छेकानुप्रास वाचकांस आठवेल. म्हणजे आरंभी या शब्दात निंदा नव्हती. वात्स्यायनाचा ‘नागरक’ जसा शहरात राहणारा, कलांची जाण असलेला रसिक, तसाच हा छइल्ल. पुढे चातुर्य मागे पडले, पोशाख उरला. हिंदीतला ‘छैला’ आणि मराठीतला ‘छेल’ हे दोघेही या उतरणीवरचे प्रवासी होत.

दोन्ही शब्दांची जोडी महाराष्ट्रात रूढ होण्यास तमाशाने मोठा हातभार लावला, असे माझे मत आहे. पेशवाईच्या उत्तरकाळी शाहिरांची भाषा मुळातच मोकळी होती. रामजोशांनी तर मराठीबरोबर हिंदुस्थानी, कानडी आणि संस्कृतही लावणीत आणली. गण, गौळण, लावणी यांच्या जोडीला कथानकाचा वग आला तो एकोणिसाव्या शतकात. उमा-बाबू सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानतात. त्याचे साल १८६५ सांगितले जाते. सावळज हे गाव तासगाव तालुक्यातले, म्हणजे हिंदी मुलखापासून पुष्कळच दूर. आणि तिथल्या पहिल्या वगाचा नायक बटाव, अर्थात बटाऊ! १८६५ म्हणजे आपला बालाघाट जिल्हा स्थापन होण्याच्या (१८६७) दोन वर्षे आधी. शब्द फिरतात ते राज्यकर्त्यांच्या सीमा पाहून फिरत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वगाच्या नावात बटाव एकटा नाही. मोहना त्याच्या आधी आहे. गौळणीतही तसेच. कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात खरी, पण मावशी पदर खोचून उभी राहते आणि सवाई उत्तर देते. प्रेक्षक हसतात ते बहुधा त्या उत्तराला. भंडारा-गोंदियाकडील खडी गंमत पाहिलेल्यांना हा सवालजवाबाचा रंग ठाऊक आहे. छेलबटाऊ रंगमंचावर शोभतो, कारण तिथे समोरच्या बाईला बोलण्याची मुभा असते. घरगुती बोलीत हा शब्द आला तेव्हा मात्र मोहना रंगमंचावरच राहिली.

स्त्रियांसाठी मराठीने ठेवलेले शब्द पाहा. ‘नखरेल’ आणि ‘छबेली’ येथवर ठीक. त्यांत कौतुकाचा अंश आहे. पण नटवी, छचोर, चवचाल अशी एकेक पायरी आपण उतरू लागलो की हसू संपते. चवचाल ठरलेल्या मुलीचे लग्न अडे. छेलबटाऊ ठरलेल्या मुलाचे ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून लवकर उरके. ही विषमता केवळ बोलीची नव्हे, शास्त्राचीही आहे. साहित्यशास्त्राने नायकाचे भेद केले ते त्याच्या वागण्यावरून : अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट. नायिकेचे पहिले भेद मात्र स्वीया, परकीया, सामान्या, म्हणजे ती कोणाची, यावरून. अनेक स्त्रियांशी सारखेच गोड वागणाऱ्या पुरुषाला ‘दक्षिण’ असे सुरेख नाव मिळाले. तशा स्त्रीला शास्त्राने जे नाव दिले असते, ते या पत्रिकेत छापण्याजोगे नसते.

शासकीय नोकरीत असताना मराठी घरांतील मुलींच्या तक्रारी हिंदीत लिहून आलेल्या मी वाचल्या आहेत. मुलगी तोंडी सांगे, ‘वाट अडवली’. अर्जात येई, ‘रास्ता रोका’. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३५४ च्या गुन्ह्याला महाराष्ट्रात विनयभंग म्हणतात, आपल्याकडे लज्जाभंग. केवळ शब्द, हावभाव वा कृती यांनी केलेल्या अपमानासाठी कलम ५०९ तेव्हापासूनच होते. परंतु मुलीच्या मागे मागे फिरणे हा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ चा कायदा यावा लागला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. ज्या वर्तनाला आपले वाडवडील छेलबटाऊपणा म्हणून हसत, त्यातले पुष्कळसे आज या कलमात बसेल.

अर्जापर्यंत पोहोचलेल्या तक्रारी थोड्याच. ज्या पोहोचल्या नाहीत, त्या कुठे अडल्या असतील याचा मी नोकरीत असताना विचार करीत असे. कुणा वडीलधाऱ्याने ‘छेलबटाऊ आहे मेला, लक्ष देऊ नये’ म्हटले की घरापुरता निकाल लागत असे. शब्दात राग होता, पण हसूही होते, आणि त्या हसण्यामुळे रागाची धार जाई. मुलगी दुसऱ्या दिवशी लांबच्या रस्त्याने शाळेला जाई. तिच्या त्या लांबच्या वाटेसाठी मराठीत शब्द नाही.

आता छेलबटाऊ आपल्या मुलांच्या तोंडी राहिलेला नाही. हिंदी चित्रपटांनी त्याच्या जागी मजनू आणि रोमिओ आणून बसवले आहेत. शब्द जुन्या कोशात राहावा, वगाच्या संहितेत राहावा, हे मला हवेच आहे. अट एवढीच, की कोशात त्याच्याशेजारी मोहनेचेही नाव असावे, आणि गौळणीतल्या त्या मावशीचे.