पाटीवरील ‘ल’

दुकान शोधतांना आपण पाटी वाचतों, पाहात मात्र नाहीं. वास्तविक बाजारपेठेंतील एका फेरींत आपल्या लिपीचा बराचसा इतिहास आपल्या डोळ्यांखालून जात असतो.

‘ल’ हेंच अक्षर घ्या. मराठी वळणाच्या ‘ल’ला लहानशा देठाच्या दोहों बाजूंस दोन पाकळ्या असतात, उत्तरेकडील ‘ल’ला उजव्या अंगास उभा दंड असतो. आमचें वळण जुन्या बालबोध हस्ताक्षराचें. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछाप सुरू केला, तेव्हां हस्ताक्षरच दगडावरून कागदावर उतरलें. पुढें जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें १८६९ पासून सुबक खिळ्यांच्या बळावर मुंबईचीं अक्षरें देशभर पोंचविलीं.

१९६६ सालीं केंद्रीय हिंदी निदेशालयानें मानक वर्णमाला ठरविली, तींत ‘अ’ आणि ‘झ’ मुंबईच्या वळणाचे घेतले. ‘ल’ मात्र उत्तरेचाच राहिला. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं मराठीसाठीं पाकळ्यांचा ‘ल’ मान्य केला. तरी संगणकावरील पुष्कळशा टंकांत दंडाचाच ‘ल’ आयता मिळतो, आणि तोच पाट्यांवर चढतो.

पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपींहून लहान नसावें, असा दंडक २०२२ सालीं झाला. तो योग्यच होय; परंतु कायदा अक्षराची उंची मोजतो, वळण पाहात नाहीं. तें पाहण्याचें काम आपलें आहे. नवी पाटी सांगतांना रंगाबरोबर ‘ल’ कोणता, एवढें विचारलें तरी पुरे.